सरळ चाक आणि ताठ चाक

स्मरणिकेसाठी आठवणी लिहाव्यात, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. आठवणी सांगण्यास माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर कार्यानुभव हा विषय शिकविला. सुतारकाम, विजेची किरकोळ दुरुस्ती आणि सायकल यांपलीकडे माझी मजल गेली नाही. म्हणून आठवणींऐवजी एक पाठ लिहून देतो. वर्गात तो मी अनेकदा घेतला, परंतु त्यामागील कारण विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. आता माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या मुलांचे सायकल चालविण्याचे वय झाले आहे. काही पालकांच्या मुली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून रोज शाळेत जातात. सायकल घेण्याची हौस घरोघरी असते. तिचे चाक निरखून पाहण्याची सवय मात्र क्वचितच आढळते.

वसतिगृहातील मुलांच्या सायकली भोजनगृहामागील पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असत. एका पावसाळ्याच्या अखेरीस आठवीतील एक विद्यार्थी आपली सायकल घेऊन माझ्याकडे आला. सायकल मूळची त्याच्या वडिलांची. काळी, जड, दांड्यांच्या ब्रेकची. मागील चाकाला आऊट आला होता. चाक फिरविले असता रिंग एखाद्या जागी डावीकडे वा उजवीकडे लचकते, त्यास आपल्याकडील सायकल कारागीर ‘आऊट’ म्हणतात आणि ते दुरुस्त करणे म्हणजे ‘आऊट काढणे’. ‘आऊट ऑफ ट्रू’ या इंग्रजी प्रयोगातील पहिला शब्द तेवढा आपल्या वाट्यास आला असावा. या चाकाची रिंग एका ठिकाणी डावीकडे चांगली बोटभर झुकत होती.

उपाय उघड होता. तेथील उजव्या बाजूचे स्पोक आवळावयाचे. पण उजवीकडील निपल गंजून रिंगला घट्ट चिकटले होते. पाना लावला तो निपलाच्या कडा झिजून गोल झाल्या. सायंकाळ झाली होती, भोजनाची घंटा झाली होती, आणि मुलगा शेजारी उभा होता. मी सोपा मार्ग धरला. डावीकडील स्पोक सैल करीत गेलो. रिंग हळूहळू उजवीकडे सरकली आणि सरळ झाली. खडू लावून पाहिला. तो चहूकडे सारखा उमटला. मुलाच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि माझ्या मनात, खोटे कशाला बोलू, थोडा अभिमानही होता.

पुढच्या शनिवारी तो धाकट्या भावाला कॅरिअरवर बसवून गावी निघाला. कालव्याजवळील उताराच्या वळणावर मागचे चाक एकदम दुमडले. भाजताना पापड जसा एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली वळतो, तशी रिंग वळली होती. दोघेही रस्त्यावर फेकले गेले. थोरल्यास खरचटले, धाकट्याचे कोपर मोडले आणि त्याचा हात अनेक आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला. मी त्यांना भेटावयास गेलो, तेव्हा थोरल्याने विचारले, “सर, चाक तर सरळ होते ना?” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. त्याला खरोखरच समजून घ्यावयाचे होते. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढील सर्व विवेचन हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात पचेतन राजाच्या रथकाराची कथा आहे. सहा महिन्यांनी युद्ध होणार म्हणून राजाने त्याला चाकांची नवी जोडी करावयास सांगितली. सहा महिन्यांना सहा दिवस कमी असताना एकच चाक तयार झाले होते. दुसरे त्याने उरलेल्या सहा दिवसांत केले. राजाने दोन्ही चाके पाहिली; त्याला त्यांत काहीच फरक दिसेना. तेव्हा रथकाराने ती ढकलून दाखविली. सहा दिवसांत केलेले चाक, जोर होता तोवर धावले आणि गरगरत खाली पडले. दुसरे थांबले तेव्हा जणू आसात बसविल्याप्रमाणे उभे राहिले. पहिल्याची नेमी, आरे आणि नाभी या तिन्हींत दोष राहून गेले होते. मी ही कथा लहानपणापासून ऐकत आलो होतो. तथापि राजाला फरक दिसला नाही, हा तिच्यातील भाग माझ्या ध्यानात राहिला तो त्या अपघातानंतर.

तर मग चाकात असे काय असते, की जे डोळ्यांना दिसत नाही?

बैलगाडीचे चाक आठवावे. त्याचे लाकडी आरे जाड आणि ताठ असतात. गाडीचा भार तुंब्यावर येतो, आणि तुंबा खालच्या आऱ्यांवर उभा असतो. घराचे छत जसे खांबांवर, तसा. लोखंडी धाव तापवून चढवितात. ती निवताना आकसते व सगळे चाक आवळून धरते. सायकलच्या चाकात याच्या उलट रचना आहे. स्पोक ही सुमारे २ मिलिमीटर जाडीची तार. ती टोकाशी धरून दाबली तर लगेच वाकते. तिच्यावर कोणी उभे राहू शकत नाही. पण तीच तार ओढली तर माणसाचा भार सहज पेलते. म्हणून सायकलच्या चाकात प्रत्येक स्पोक आधीच जोराने ओढून ठेवलेला असतो. तो रिंगला हबकडे खेचतो आणि रिंग चोहोबाजूंनी आत खेचली जाऊन घट्ट होते. आपण सीटवर बसतो तेव्हा जमिनीलगतच्या काही स्पोकांचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो. इतरांच्या ताणात फारसा फरक पडत नाही. आधीचा ताण पुरेसा असेल तर तो कमी होऊनही काही शिल्लक राहतो आणि चाक आपला आकार सोडत नाही. तो मुळातच अपुरा असेल, तर खालचे स्पोक पूर्ण ढिले पडतात. त्या क्षणी रिंगला आधार कोणाचाच नसतो.

माझ्या हातून नेमके हेच घडले होते. डावीकडील स्पोक सैल केल्याने समोरच्या उजव्या स्पोकांचाही ताण उतरला, कारण चाकातील दोन्ही बाजू एकमेकींविरुद्ध ओढत असतात. रस्सीखेचीत एका संघाने दोर सोडला तर दुसऱ्याच्या हातातही ताण उरत नाही. रिंग मध्यभागी आली खरी, परंतु ती दोन्ही बाजूंच्या दुर्बलतेमुळे. सरळ रस्त्यावर ते चाक चालत राहिले. वळणावर दोघांचा भार आडवा पडताच ते दुमडले.

दिवसाकाठी ही झीज किती होते, याचा हिशेब मी मुलांकडून फळ्यावर करवून घेत असे. २८ इंची चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. शाळा ५ किलोमीटर दूर असेल तर केवळ जाताना चाकाचे सुमारे सव्वादोन हजार फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. परतीचा प्रवास धरा, वर्षाचे शाळेचे दिवस धरा. मुले मोजता मोजता थकत. अशा ये-जा करणाऱ्या ताणाने स्पोक थकतो, आणि तो बहुधा हबच्या भोकाशी जेथे वाकवलेला असतो त्या मानेपाशी तुटतो. ढिला स्पोक घट्ट स्पोकापेक्षा लवकर तुटतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. कारण सरळ आहे. घट्ट स्पोकाचा ताण थोडा कमी-अधिक होतो, तर ढिला स्पोक दर फेऱ्याला शून्यावर येऊन पुन्हा हिसका खातो. शिवाय ताण नसला की निपल स्वतःहून उलटे फिरत जाते आणि स्पोक आणखी सैल होतो.

आपल्या जुन्या वळणाच्या सायकलींना पुढील चाकास ३२ व मागील चाकास ४० स्पोक असतात. मागे अधिक, कारण भार मागे अधिक. हे स्पोक हबमधून सरळ किरणांसारखे न निघता तिरपे निघतात आणि एकमेकांना छेदून जातात. ही तिरपी रचना इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली याने १८७४ मध्ये आणली. पॅडल मारताना साखळी हबला पिळते. तिरपे स्पोक तो पीळ ओढीच्या रूपाने रिंगपर्यंत नेतात. सरळ स्पोक हे काम नीट करू शकत नाहीत. जाता जाता एवढेच सांगतो, की दीडशे वर्षांत त्या रचनेत मोठा बदल करण्याची गरज कोणाला भासलेली नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. साहित्य थोडेच लागते: योग्य मापाचा स्पोक पाना, तेलाची कुपी, खडू आणि निवांत वेळ. पक्कड मात्र दूर ठेवावी. निपल पितळेचे व मऊ असते. पक्कडीने ते गोल होते आणि मग त्यावर कोणताच पाना बसत नाही. मोठ्या मापाच्या पान्यानेही तेच होते.

सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करावी व टायरमधील हवा कमी करावी. लगेच स्पोकांना हात लावू नये. आधी रिंग दोन्ही हातांनी धरून आडवी हलवून पाहावी. हबपाशी खडखड जाणवली तर दोष स्पोकांचा नसून आतील कोन सैल झाल्याचा आहे. तो बसविल्यावाचून आऊट काढू लागलात, तर सगळा श्रम वाया. कोन इतकाच आवळावा की खडखड नाहीशी व्हावी आणि चाक मोकळे फिरावे. त्याची एक जुनी परीक्षा आहे. चाक हलकेच सोडले असता ट्यूबच्या व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली येऊन थांबावा. थांबत नसेल तर कोन जास्त आवळला गेला आहे, अथवा छर्रे घाण झाले आहेत.

त्यानंतर एकमेकांना छेदणारे दोन-दोन स्पोक मुठीत धरून दाबत चाकाची एक फेरी पूर्ण करावी. तुटलेला स्पोक येथेच सापडतो. पुष्कळदा तो शेजारच्या स्पोकांत अडकून जागेवरच उभा असतो आणि नुसत्या नजरेला अखंड भासतो. ढिले स्पोक हाताला लगेच कळतात. आणखी बारकाईने पाहावयाचे तर प्रत्येक स्पोक नखाने छेडावा. एकतारीची तार जितकी ताणावी तितका तिचा स्वर चढतो, तसेच येथे होते. एका बाजूच्या सर्व स्पोकांचा स्वर जवळपास सारखा यावा. मागील चाकात फ्रीव्हीलच्या, म्हणजे उजव्या बाजूचा स्वर थोडा चढा असतो, कारण फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी हब डावीकडे सरकलेला असतो व उजवे स्पोक जास्त ताणावे लागतात. गिअरच्या सायकलींत हा फरक अधिकच ठळक असतो. माझ्या विद्यार्थ्यांत संगीताचा कान असलेली एक मुलगी होती. पान्याला हात लावण्यापूर्वीच ती कोणता स्पोक ढिला आहे हे सांगत असे, आणि ती चुकल्याचे मला आठवत नाही.

आता खडू. हात फ्रेमच्या नळीवर टेकवून स्थिर करावा, खडू रिंगच्या कडेच्या अगदी जवळ धरावा आणि चाक सावकाश फिरवावे. जेथे रिंग खडूकडे झुकते तेथेच खूण उमटते. खूण लांब असेल तर तिचा मध्य शोधावा. आऊटचे शिखर तेथे आहे. खूण उजव्या बाजूस उमटली तर रिंग तेथे उजवीकडे आली आहे. ती डावीकडे न्यावयाची म्हणजे त्या जागचे डावीकडील हबमधून आलेले स्पोक आवळावयाचे आणि उजवीकडील सैल करावयाचे.

पाना कोणत्या दिशेने फिरवावा, याचा गोंधळ अनुभवी माणसाचाही होतो. त्यासाठी एक नियम पाळावा. काम करावयाचे निपल नेहमी चाकाच्या सर्वांत वरच्या जागी आणावे आणि आपण वरून, टायरच्या बाजूने, निपलाकडे पाहत आहोत असे समजावे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरविले की स्पोक आवळतो, उलट फिरविले की सैल होतो. तेच निपल चाकाच्या तळाशी असताना फिरवू लागलात, तर वरून पाहणाऱ्याला दिशा उलटी भासते. अर्ध्या चुका येथेच होतात.

किती फिरवावे? निपलाच्या एका पूर्ण फेऱ्याने स्पोक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ओढला जातो. हे अंतर नगण्य वाटते, पण ताणलेल्या तारेला ते पुष्कळ आहे. खुणेच्या मध्याशी असलेल्या दोन-तीन स्पोकांना अर्धा फेरा व त्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्पोकांना पाव फेरा, एवढेच एका वेळी करावे. मग चाक फिरवून पुन्हा खडू लावावा. एकाच स्पोकाला तीन-चार फेरे देऊन आऊट काढण्याचा मोह अनावर असतो. तसे केल्यास त्या जागचा आऊट निघतो आणि शेजारी दोन नवे आऊट निर्माण होतात. वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी हे करून पाहत असे. मीही त्याला थांबवीत नसे.

आवळावे की सैल करावे, हा खरा निर्णय आहे आणि तो नजरेने करता येत नाही. मुठीत दाबून मिळालेली माहिती येथे उपयोगी पडते. रिंग उजवीकडे झुकली असून त्या जागचे डावे स्पोक ढिले लागत असतील, तर ते आवळावेत. उजव्यांना हात लावू नये. डावे ठीक असून उजवेच प्रमाणाबाहेर घट्ट असतील, तर उजवे सैल करावेत. दोन्ही बाजू बेताच्या असतील, तर एका बाजूस जितके आवळले तितकेच दुसऱ्या बाजूस सैल करावे, म्हणजे एकूण ताण कायम राहील. जुन्या, पुष्कळ चाललेल्या चाकात बहुधा सर्वच स्पोक थोडे सैलावलेले असतात. तेथे सैल करण्याचा मार्ग जवळपास वर्ज्यच समजावा. निपल गंजले म्हणून समोरचा स्पोक सोडणे, ही माझी चूक होती. गंजलेल्या निपलाच्या तोंडाशी आणि रिंगमध्ये ते जेथे बसते तेथे तेलाचा एकेक थेंब सोडून रात्रभर थांबावे. सकाळीही ते फिरले नाही तर तो स्पोक कापून निपलासह नवा घालावा. स्पोकाची किंमत चहाच्या पेल्याएवढीही नसते. त्या सायंकाळी मला फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावयाचे होते.

रिंग केवळ आडवीच लचकते असे नाही; ती वर-खालीही उचंबळते. खडू रिंगच्या परिघाशी धरला की हे दिसते. बाहेर आलेल्या जागी डावा आणि उजवा असे दोन्ही स्पोक सारखे आवळावेत. आत बसलेल्या जागी दोन्ही सारखे सैल करावेत. दांड्यांच्या ब्रेकमध्ये रबर रिंगच्या आतल्या, म्हणजे हबकडील पृष्ठभागावर दाबले जाते. त्यामुळे अशा सायकलीत हा दोष ब्रेकला थेट झटके देतो. चिमट्यासारख्या ब्रेकमध्ये रबर रिंगच्या दोन्ही बाजूंना लागते व तेथे आडवा आऊट अधिक नडतो. या दुसऱ्या प्रकारात एक घातक पळवाट सर्रास दिसते. चाक लचकून रबराला घासू लागले, की लोक ब्रेकची तार सैल करून रबर दूर करतात. घासणे थांबते, ब्रेकही थांबतो. एखाद्या मुलाच्या सायकलीचा ब्रेक हँडलच्या मुठीपर्यंत दाबावा लागत असेल, तर तार आवळण्याआधी चाक फिरवून पाहावे. माझ्या मते रबर आणि रिंग यांत दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटर अंतर राहावे आणि रिंगचे लचकणे एका मिलिमीटरच्या आत यावे. यापेक्षा अधिक काटेकोरपणा शर्यतीच्या सायकलींना शोभतो.

पुढचे चाक मध्यावर आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. चाक काढून डावे-उजवे बदलून पुन्हा बसवावे. पहिल्यांदा रिंग एका बाजूस जवळ होती आणि आता दुसऱ्या बाजूस जवळ आली, तर चाक मध्यावर नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूस जवळ राहिली, तर चाक निर्दोष असून फोर्क वाकला आहे, आणि ते काम घरी करावयाचे नव्हे.

काही रिंगा स्पोकांनी सरळ होतच नाहीत. खड्ड्यात आपटून रिंगला खोक पडली असेल, तर धातूच वाकलेला असतो. अशा रिंगला खेचून सरळ केले, की त्या जागी एका बाजूचे स्पोक वीणेच्या तारेसारखे ताणलेले व समोरचे लुळे, अशी स्थिती येते. खडू सारखा उमटतो आणि मूठ वेगळेच सांगते. अशा वेळी मुठीवर विश्वास ठेवावा आणि रिंग बदलावी. निपलांच्या भोकांभोवती बारीक तडे दिसत असतील, अथवा ब्रेकच्या घर्षणाने रिंगची बाजू आत खोलगट झाली असेल, तरीही रिंग बदलण्यास पर्याय नाही.

आऊट निघाल्यावर समांतर जाणाऱ्या स्पोकांच्या जोड्या एकदा जोराने दाबाव्यात. पिळून बसलेले स्पोक कुरकुर आवाज करीत सरळ होतात. नंतर पुन्हा खडू लावून पाहावा. नवे स्पोक घातले असतील तर टायर उतरवून निपलांच्या वर आलेली टोके कानशीने घासावीत व त्यांवर रिंगची पट्टी नीट बसवावी. अन्यथा आतून पंक्चर होत राहते आणि दोष रस्त्यावरील काट्यांना दिला जातो. आठवडाभराने चाक परत तपासावे.

चाकाच्या सुरक्षिततेविषयी आणखी थोडे, विशेषतः आईवडिलांसाठी. पंक्चर काढून आणलेल्या सायकलीच्या चाकांचे नट स्वतःच्या हाताने पाहावेत. पुढील चाकाचे तर अवश्य. हँडलला दप्तर वा पिशवी लोंबकळत ठेवू नये. ती पुढील चाकात गेली तर चाक जागच्या जागी थांबते आणि चालविणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. ओढणी आणि पदर यांचे भय सर्वांस ठाऊक आहे, पण लहान मुलाच्या पायाचे भय पुरेसे ठाऊक नाही. कॅरिअरवर बसविलेले मूल पाय लोंबते सोडते. झोप येते, पाय आत वळतो, टाच स्पोक आणि फ्रेम यांच्यामध्ये सापडते. टाचेची कातडी सोलून निघते, कधी टाचेमागील मोठा स्नायुबंध दुखावतो. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी व पाय ठेवण्यास आधार नसेल, तर लहान मुलास मागे बसवूच नये. थोडेच अंतर आहे, ही सबब येथे चालत नाही, कारण पाय अडकावयास चाकाचा एक फेरा पुरतो.

त्या दोघा भावांची सायकल मी परत मागवून घेतली. नवी रिंग आणि ४० नवे स्पोक आणले. चाक मी बांधले नाही, थोरल्याने बांधले. त्याला दोन रविवार लागले. मी शेजारी बसून फक्त मुठीने स्पोक दाबून पाहत होतो आणि चूक असेल तेथे बोट ठेवीत होतो. धाकटा प्लॅस्टरमधील हात सावरून खडू धरीत असे. दहावी होईपर्यंत ते चाक त्याने वापरले. मध्यंतरी एकदा त्याला पुन्हा आऊट आला, तेव्हा थोरला माझ्याकडे दुरुस्तीसाठी आला नाही. त्याने तो स्वतः काढला आणि मग सायकल शेडमध्ये आणून म्हणाला, “सर, चाक सरळ झाले आहे, पण उजवीकडचे दोन स्पोक अजून ढिले लागतात. तुम्ही जरा दाबून पाहता का?”